रद्दीत न गेलेले कागद

ग्रंथालय म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती पुस्तकांची कपाटे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मात्र असाही एक संग्रह आहे, जिथे पुस्तकांपेक्षा सुट्या कागदांना मोल अधिक. पत्रके, ठराव, पत्रव्यवहार, जुनी साप्ताहिके. हा पी. सी. जोशी यांच्या नावाचा दप्तरखाना.

पूरणचंद जोशी मूळचे अलमोड्याचे. १९३५ ते १९४७ या काळात ते कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. त्या वेळी पक्षाचे मुख्य कार्यालय मुंबईत होते आणि त्याच्या साप्ताहिकाची मराठी आवृत्ती 'लोकयुद्ध' या नावाने निघे. पुढे पक्षाचे धोरण बदलले. १९४८ साली सरचिटणीसपद बी. टी. रणदिवे यांच्याकडे गेले आणि १९४९ मध्ये तर जोशींना पक्षातूनच काढण्यात आले. १९५१ मध्ये ते परत आले, पण पहिले स्थान काही मिळाले नाही. एखादा कडवट होऊन गप्प बसला असता. जोशींनी उतारवयात त्याच चळवळीची कागदपत्रे विद्यापीठात जमवण्याचे काम अंगावर घेतले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

या संग्रहात मीरत कटाच्या खटल्याची कागदपत्रे आहेत आणि त्यांत मराठी माणसे जागोजागी भेटतात. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. सरकार हादरले. मार्च १९२९ मध्ये देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, गिरणीतले आळवे, सारे मीरतच्या तुरुंगात गेले. जोशी तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे, अलाहाबादचे विद्यार्थी. त्यांनाही पकडले. खटला १९३३ पर्यंत रेंगाळला.

पोलिसांनी झडतीत चिठ्ठ्याचपाट्या, हस्तपत्रके, वह्या उचलल्या आणि पुरावा म्हणून कोर्टापुढे मांडल्या. गिरणीच्या फाटकावर वाटलेले पत्रक एरवी कोण जपणार? दुसऱ्या दिवशी त्यात चणेफुटाणे बांधले गेले असते. सरकारला हवी होती शिक्षा, सोय झाली ती इतिहासाची!

अशा कागदांचे खरे शत्रू घरातल्या कागदांचेच आहेत: दमट हवा, ऊन, कसर. शिवाय स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून दप्तरखान्यांत कागद आम्लरहित पेट्यांत ठेवतात आणि वाचकाला टिपणे बहुधा पेन्सिलीनेच घ्यावी लागतात.

लालबाग-परळच्या कित्येक घरांतल्या ट्रंकेत आजही युनियनची पावती, आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र, गावाकडची पत्रे सापडतील. ती काढलीत तर गंजलेल्या टाचण्या आधी हलक्या हाताने सोडवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक वर्षांनी कागदच खातो. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. साल आठवत नसेल, तर घरातल्या आजींना विचारून घ्या.