जहाज कोणी बांधायचे?

मागच्या सत्रात एम. ए.च्या वर्गात 'आज्ञापत्र' शिकवताना आरमाराचे प्रकरण आले. तास आमच्यापैकी एकाचा होता. गुराबा आणि गलबते कशी असावीत याविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी जे लिहिले आहे ते वाचून झाले, आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढं बारीक ठरवून काय फायदा? आमच्या गेममध्ये जहाजाचं डिझाइन कॉम्प्युटरच करते. आपण बटन दाबलं का झालं काम. जहाजं जास्त असली का आपण जिंकलोच." वर्ग हसला. तास संपला.

दुपारी प्राध्यापक-कक्षात हा किस्सा सांगितला तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. एका सहकाऱ्यांनी 'पोरांचे खेळ' म्हणून विषय झटकून टाकला. दुसऱ्या म्हणाल्या, "तसं पाहिलं तर त्याचं काय चुकलं? आशय महत्त्वाचा. घडण ही नंतरची गोष्ट." आमचा वाद या दोन्ही प्रतिक्रियांशी आहे आणि दुसरीशी अधिक आहे. पहिली केवळ अनास्था आहे. दुसरी मात्र एक वाङ्मयीन भूमिका आहे, आणि आमच्या मते ती चुकीची आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. अंतराळातील साम्राज्ये उभारण्याच्या संगणकीय खेळांची एक परंपरा आहे. १९९३ साली आलेला 'मास्टर ऑफ ओरायन' हा तिच्यातला एक पायाभूत खेळ. खेळाडूने ग्रह वसवायचे, संशोधन करायचे, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करायचे. आणि हे सर्व करताना आपल्या ताफ्यातील जहाजांचे आराखडेही स्वतः करायचे. जहाजाच्या पोटात जागा ठरावीक. तीत यंत्र किती मोठे, चिलखत किती जाड, शस्त्रे कोणती हे ठरवावे लागते. एक घेतले की दुसरे सोडावे लागते. शिवाय एका वेळी सहाच प्रकारचे आराखडे बाळगता येतात. सातवा हवा असेल तर जुना एक रद्द करायचा, आणि त्या आराखड्याची असतील नसतील ती सगळी जहाजे त्याच्यासोबत मोडीत जातात. बांधून झालेले जहाज पुढे सुधारताही येत नाही.

पुढच्या काळातील अनेक खेळांनी ही सक्ती सैल केली. २०१६ साली आलेल्या 'स्टेलारिस'मध्ये आराखडे संगणकाने आपोआप करावेत अशी सोय आहे. आमच्या विद्यार्थ्याचे 'बटन' ते हेच. आता प्रश्न असा की हे बटण दाबल्याने काही गमावते काय?

आम्ही नागपूरकर आहोत. देशाच्या मध्याचा म्हणून ओळखला जाणारा दगड आमच्या गावात उभा आहे आणि समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो कोस लांब आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेली नाव ही अंबाझरीच्या नाही तर फुटाळ्याच्या पाण्यातली. त्यामुळे 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण आमच्याकडे बहुधा परीक्षेपुरते वाचले जाते: आरमार म्हणजे स्वतंत्र राज्यांग, हे एक वाक्य पाठ केले की पाच गुण पक्के. परंतु अमात्य तेवढ्यावर थांबत नाहीत. राज्याला आरमार हवे हे सांगून झाल्यावर ते नावेच्या आकाराकडे वळतात. गुराबा फार मोठ्या नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच करावीत, आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोरली जहाजे बांधूच नयेत, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. राज्यनीतीचा ग्रंथ लिहिणारा एक मुत्सद्दी नावेच्या मापाविषयी इतका आग्रही का होतो? या प्रश्नाशी आपण वर्गात क्वचितच थांबतो.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर आहे. १६७९ साली मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी बांधकाम सुरू केले. इंग्रजांनी ते रोखण्यासाठी जहाजे पाठवली. त्यांची मोठी जहाजे तोफांनी भारी, पण वाऱ्याच्या मर्जीवर चालणारी आणि खोल पाणी मागणारी. मराठ्यांच्या नावा उथळ बुडाच्या, वल्ह्यांनी हाकता येणाऱ्या. त्या रात्रीच्या अंधारात नागावच्या खाडीतून निघत, बेटावर रसद पोहोचवत आणि पाठलाग झाला की जिथे इंग्रजांचे जहाज शिरू शकत नाही अशा पाण्यात परत जात. ऑक्टोबर महिन्यातील झुंजीत 'डव्ह' हे इंग्रजांचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. त्याच झुंजीत 'रिव्हेंज' या एकट्या जहाजाने मराठ्यांच्या अनेक नावांना मागे रेटले, हेही नोंदवले पाहिजे. उघड्या समुद्रात समोरासमोर मोठ्या जहाजाचीच सरशी होती. पण लढाईचा हेतू बेटावर रसद पोहोचवणे हा होता, आणि त्या हेतूला मराठ्यांच्या नावेची घडण अनुरूप होती. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात हीच दृष्टी आणखी पक्व झाली. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या ताफ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, नाळ लांब पुढे आलेली, आणि त्या नाळेवरून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा. गलबत सहसा ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोराने ओढत नेत, आणि गुराबा शत्रूच्या जहाजाच्या मागच्या बाजूने येऊन तोफा डागत. युरोपीय जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना. मागची बाजू दुबळी. म्हणजे गुराबीची पुढे तोंड केलेली तोफ हे शत्रूच्या घडणीला दिलेले उत्तर होते, आणि गलबताची वल्ही हे न येणाऱ्या वाऱ्याला दिलेले. असे आराखडे शत्रू आणि पाणी दोन्ही पाहिलेल्या माणसाच्याच डोक्यातून निघतात.

इथे आमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांना उत्तर देता येते. आशय आधी आणि घडण नंतर हा क्रम खांदेरीच्या पाण्यात लावून पाहावा. 'रसद पोहोचवायची आहे' हा आशय इंग्रजांनाही ठाऊक होता. तो रोखण्याचा निश्चयही त्यांच्याकडे होता. त्यांच्याकडे त्या पाण्याजोगी नाव नव्हती. घडण ही आशयाला नंतर चढवलेला साज असती तर हा फरक पडला नसता.

अर्थात सगळीच घडण अशी नसते. २००६ सालच्या 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २' या खेळात हा भेद इतक्या स्वच्छपणे मांडला आहे की काव्यशास्त्राच्या वर्गात तो दाखवावा असे वाटते. त्यात शस्त्रांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाला जुळणारा बचावाचा एकेक प्रकार. शत्रू क्षेपणास्त्रे घेऊन येणार असेल आणि आपण किरणास्त्रांपासूनचा बचाव लावून बसलो तर तो फारसा उपयोगी पडत नाही. ही झाली कामाची घडण. त्याच खेळात जहाजाला पंख, कमानी, मनोरे असे शेकडो भाग जोडता येतात ज्यांचा लढाईवर काडीचाही परिणाम होत नाही. खेळाडू या भागांना 'ज्वेलरी' म्हणतात. दागिने! कटककुंडलांच्या दृष्टान्तावर शतकानुशतके वाद घालणाऱ्या आपल्या आलंकारिकांना हा शब्द ऐकून हसू आले असते. अलंकार बाहेरून चढवायची वस्तू नव्हे, सालंकृत उक्तीच काव्य होते, असे कुंतकाने प्रतिपादन केले. क्षेमेंद्राने कमरेची मेखला गळ्यात घालणाऱ्याची थट्टा केली आणि औचित्याचा विचार मांडला. अमात्यांचा मध्यम गुराबीचा आग्रह आम्हाला या औचित्यविचाराचाच किनाऱ्यावरचा भाईबंद वाटतो. दागिन्यांवर आमचा राग नाही; कुणाला आपले जहाज मोरासारखे दिसावे असे वाटले तर वाटो. मात्र 'जहाजाची घडण महत्त्वाची नाही' असे म्हणणारे बहुतेक लोक दागिन्यांकडे बोट दाखवून तोफांविषयी निर्णय देतात. साहित्यातही हेच होते. शैली म्हणजे चार उपमा आणि दोन संस्कृत शब्द, असे गृहीत धरायचे आणि मग शैली दुय्यम ठरवायची.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही टाळू इच्छित नाही. विद्यार्थी म्हणतो, जहाजे जास्त असली की विजय ठरलेला. पुष्कळ खेळांत हे खरे आहे. ज्याचे ग्रह अधिक, खाणी अधिक, उत्पादन अधिक, त्याचा ताफा मोठा. आणि मोठ्या ताफ्यापुढे उत्तम आराखड्याचा छोटा ताफा टिकत नाही. इतिहासही याला साक्ष देतो. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार एकत्र नांगरलेले असताना जळून खाक झाले. समोर वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा ताफा होता आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. गुराबीची नाळ कितीही सुबक असली तरी आपापसातील वैरावर तिचा इलाज नव्हता. घडण सर्व काही करते असा दावा म्हणूनच आम्ही करत नाही. पण हेही पाहावे की बंदरात दाटीने बांधलेल्या नावेला वल्ही, हलकेपणा, उथळ बूड यांतले काहीच वापरता येत नाही. घडण तिथे वापरलीच गेली नाही, तेव्हा ती निरुपयोगी ठरली असे म्हणता येत नाही.

आणि संख्येचा हिशेब तरी घडणीपासून सुटा आहे काय? अमात्यांनी त्याच प्रकरणात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिले आहे. साग वगैरे परवानगीने तोडावा. परंतु रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. थोरली जहाजे नकोत या सल्ल्याशेजारी हा मजकूर ठेवून वाचला की दिसते, नावेचे माप ठरवताना जंगल आणि रयतही ठरवली जाते. आराखडा हा राज्यनीतीचा भाग आहे तो असा. उत्पादन एकीकडे आणि आराखडा दुसरीकडे ही विभागणी बटणाने शिकवलेली आहे.

या बटणाविषयी आमची खरी तक्रार आता सांगतो. संगणक करून देतो तो आराखडा वाईट नसतो. तो कोणत्याही शत्रूपुढे बऱ्यापैकी चालावा असा असतो. 'स्टेलारिस'मध्ये किरणास्त्रे चिलखतावर प्रभावी, तर गोळे फेकणारी शस्त्रे ढालीवर; संगणक दोन्ही थोडे थोडे देतो आणि काम भागते. काम भागते म्हणूनच तो घातक आहे. आपल्या वर्गांत हे बटण कधीचे आहे. त्याचे नाव गाईड. 'आज्ञापत्राची भाषाशैली' या प्रश्नाला गाईडात जे उत्तर असते ते कोणत्याही बखरीला, कोणत्याही गद्याला लावता येते: ओघवती, प्रसन्न, म्हणी-वाक्प्रचारांनी नटलेली. उत्तीर्ण होण्यापुरते ते पुरते. आता तर मागावा तो निबंध क्षणात लिहून देणारी सॉफ्टवेअरे विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत आणि त्यांचेही गद्य असेच, सर्वांसाठी बऱ्यापैकी. आम्ही विद्यार्थ्यांवर चिडतो. पण वर्षानुवर्षे टिपणे सांगून उतरवून घेणारे आम्हीच. विद्यार्थ्याने घडणीला किंमत देऊ नये हे त्याला आम्ही गुणदानातून शिकवले आहे.

म्हणून जहाजाची घडण महत्त्वाची आहे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: जिथे एक घेताना दुसरे सोडावे लागते आणि समोर कोणी ठरावीक प्रतिपक्षी, ठरावीक पाणी असते, तिथे ती निर्णायक आहे. जिथे काहीही सोडावे लागत नाही तिथे ती करमणूक आहे. एखाद्या खेळात घडणीने काहीच फरक पडत नसेल तर दोष घडणीचा नव्हे, तो खेळ रचणाऱ्याचा. एखाद्या प्रश्नपत्रिकेत वाक्याच्या घडणीने फरक पडत नसेल तर दोष कोणाचा, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आपापसात ठरवावे.

या सत्रात आम्ही अंतर्गत मूल्यमापनाचा प्रश्न बदलला आहे. आरमाराच्या प्रकरणातले एक वाक्य निवडायचे, ते आजच्या मराठीत दोन वेगळ्या रीतींनी लिहायचे, आणि प्रत्येक रीतीत काय हाती आले, काय सुटले ते सांगायचे. गाईडात याचे उत्तर नाही, निदान अजून तरी नाही.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी नंतर भेटला. त्याने आठवडाभर बटण बंद ठेवून पाहिले होते. "हरलो सर," तो म्हणाला, "आणि चूक गेमची आहे. समोरच्याच्या ढाली कोणत्या, हे ऐन लढाईपर्यंत नीट कळूच देत नाहीत. मग डिझाइन करायचं कशाच्या भरवशावर?" आम्ही त्याला हेच लिहून आणायला सांगितले आहे, आठ पाने, टिपणाशिवाय. त्याने मुदत वाढवून मागितली. दिली.