पिल्लांच्या अंगावरचे खवले



धायरीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. धायरी आता पुणे शहरात गेली, सोसायट्यांतली गोल्डन रिट्रीव्हर कुत्री मळ्यांवरही आली. बाईंच्या कुत्रीला सहा पिल्ले झाली; दोघांच्या पोटावरून माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे गळतात. आई-बाप मात्र स्वच्छ. घरात कोणी म्हणते, खरूज आहे, जळके ऑइल चोपडा. कोणी म्हणते, लांब सोडून या.

बाई, यातले काहीच करू नका. ऑइल पिल्लू चाटते आणि ते विष पोटात जाते. आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. खरूज बारीक किड्यांमुळे होते, फार खाजते, केस झडतात, एकाची दुसऱ्याला लागते. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. किडे नाहीत, खाज नाही, केसही शाबूत, तर या जातीत आनुवंशिक खवलेरोगाची शंका घ्यावी. हा रोग माणसांना किंवा गुरांना लागत नाही.

मग दोष आला कोठून? संकरित ज्वारीचे बी घरी राखून पेरले की ताटे उंच-ठेंगणी निघतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. दबलेले गुण पुढच्या पिढीत वर येतात. तसेच येथे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक चांगली असली तरी कातडीचे काम भागते. दोन्ही बिघडलेल्या आल्या की खवले. फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ साली या जातीतील दोष पीएनपीएलए-१ या जनुकात असल्याचे दाखवले. काही माणसांच्या घराण्यांतील अशाच रोगामागेही हेच जनुक निघाले.

तेव्हा हाच रोग ठरला, तर तुमची कुत्री आणि तो नर, दोघेही दोष लपवून आहेत. अशा जोडीची सरासरी चारांतले एक पिल्लू खवल्यांचे होते. आणि स्वच्छ दिसणाऱ्या भावंडांतही सरासरी तिघांत दोघे दोष बाळगून असतात. म्हणून तोच नर पुन्हा लावू नका, भावंडांची जोडी तर मुळीच नको. गोठवलेल्या रेताच्या केंद्रात वळूची आनुवंशिक रोगांसाठी तपासणी होते, मग कुत्र्याचीच का नको? रक्तावरून दोष ओळखता येतो. जोडीदार निर्दोष असेल तर पिल्लांना खवले येत नाहीत.

त्या दोन पिल्लांना औषधाने कायमचा गुण येणार नाही. डॉक्टर सांगतील त्या शाम्पूने आंघोळ घाला, मऊ ब्रशने विंचरा, त्यांची पैदास करू नका. बाकी ती चांगली जगतात. राखणीला ही जात यथातथाच, ती गोष्ट वेगळी!