टीम कुणाची?

१९११ सालचं आयएफए शील्ड म्हटलं की सगळ्यांना मोहन बागान आठवतं. बहुतेक खेळाडू अनवाणी, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे गोरे सोल्जर, आणि २९ जुलैला २-१ ने फायनल खिशात! पण मला त्याच स्पर्धेतल्या एका छोट्या टीमबद्दल बोलायचंय. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजची पोरं पहिल्याच फेरीत याच मोहन बागानकडून ३-० ने हरली. संपलं त्यांचं शील्ड.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पुढच्या वर्षी जिंकायचं. पण कॉलेजच्या टीमची हीच तर गोची असते. पुढच्या वर्षी टीम असते, पोरं तीच नसतात. परीक्षा होते, पास होतात (किंवा नापास!) आणि पांगतात. आपल्या आयटीच्या भाषेत, तीन-चार वर्षांत शंभर टक्के अ‍ॅट्रिशन. मोहन बागान मात्र १८८९ साली उत्तर कोलकात्यातल्या एका वस्तीत जन्मलेला क्लब. खेळाडू बदलत गेले, पाठीमागची माणसं टिकून राहिली.

आमच्या कोल्हापूरचंही तसंच झालं. कॉलेज नव्हतं असं नाही, राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. पण इथला फुटबॉल मुरला तो तालमीत. शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला, पेठापेठांतल्या तालमी बळकट झाल्या. आणि तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा नव्हे हो. तिथंच गणपती बसतो, तिथंच मोहरमचे पंजे बसतात, कट्ट्यावर पेठेचं राजकारण शिजतं. फुटबॉल अशा भरल्या घरात आला. म्हणून तर टीमची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पैलवानांच्या घराचं नाव लावून अकरा जण शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि अख्खी पेठ गॅलरीत असते.

याच्या उलट कंपन्यांच्या टीम बघा. महिंद्रा युनायटेडनं २००६ साली देशाची लीग जिंकली, २०१० साली टीम बंद! एफसी पुणे सिटी २०१४ ला आली, २०१९ ला गेली. पैसा होता, कोच होते, परदेशी खेळाडू होते. मालकानं हिशोब केला आणि फाईल क्लोज. तालमीची फाईल कोण क्लोज करणार? तिला मालकच नाही.

पेठेच्या प्रेमाची दुसरी बाजूही आहे, ती मी लपवत नाही. ईर्ष्येपायी गॅलरीत राडे होतात, पोलीस बंदोबस्त लागतो. ते वाईटच. पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चषक पाहिजे म्हणून तालमी आता बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू पैसे देऊन आणतात. खेळ सुधारतो, मान्य. आपली पोरं त्यांच्याकडून शिकतातही. पण पेठेतलं पोरगं बेंचवर बसलं आणि सीझनपुरता आलेला पाहुणाच मैदानात दिसायला लागला, तर तालीम आणि कंपनी यात फरक काय राहिला? उद्या वर्गणी आटली की फाईल क्लोज.

माझं म्हणणं साधं आहे. पाहुणे आणा, पण जेवढा पैसा त्यांच्यावर घालता, तेवढाच पेठेतल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांवर घाला. त्यांना बूट द्या, कोच द्या, रोज संध्याकाळी मैदान द्या. आणि पुण्या-बेंगलोरात बसून वर्ल्डकपला मेस्सीच्या नावानं ओरडणाऱ्या आपल्यासारख्यांनी वर्गणीचं पाकीट तालमीत पाठवताना हे जरा ठणकावून सांगावं. पैसे आपण देतो, मग विचारायचा हक्कही आपलाच की राव :-)