'स्पायर' : मनोरा नव्हे, सुळका

चर्चच्या 'स्पायर'साठी मराठी भाषांतरांत सर्रास 'मनोरा' लिहिले जाते. माझ्या मते ही चूक आहे. मनोरा म्हणजे 'टॉवर'. त्याच्या माथ्यावर निमुळता होत जाणारा भाग तो 'स्पायर', आणि दोन्ही मिळून 'स्टीपल'. इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथीड्रलची स्पायरसह उंची ४०४ फूट आहे. केवळ 'उंच मनोरा' म्हटल्याने त्या टोकाची कल्पनाच येत नाही.

हा शब्द मूळचा शेताशिवारातला. प्राचीन इंग्रजीत 'स्पीर' म्हणजे कोंब, गवताचे ताठ पाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इमारतीच्या टोकाला लागला. वेटोळे या अर्थाचा दुसरा 'स्पायर' (ज्याचा 'स्पायरल' हा आप्त) ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला. 'अस्पायर'चे मूळ तर श्वासवाचक लॅटिन क्रियापदात आहे. तिघांचे परस्परांशी नाते नाही. नामसादृश्यावरून वारसा सिद्ध होत नाही, हे आम्हा वकिलांना वेगळे सांगावे लागत नाही. शब्दांनाही तोच न्याय लावावा. चेस्टरफील्डच्या चर्चचे स्पायर मात्र खरोखरच पिळवटलेले आहे! तेथे दोन परके अर्थ योगायोगाने एकत्र नांदतात.

मग मराठीत काय म्हणावे? 'शिखर' म्हणजे गर्भगृहावरील संपूर्ण बांधणी, 'कळस' तिच्या अगदी माथ्यावरचा. दोन्ही शब्द देवळाशी घट्ट बांधलेले. सह्याद्रीतील गिर्यारोहकांच्या तोंडी असलेला 'सुळका' मला अधिक योग्य वाटतो. टोकदारपणा त्यात आपोआप येतो. मी तरी 'मनोऱ्यावरील सुळका' असेच लिहितो.