जिभेची दोन कामे

गेल्या सुट्टीत मामांकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. मामा ओहायो राज्यातील कोलंबस शहरी राहतात. परतल्यावर मैत्रिणींनी 'काय काय पाहिलेस?' म्हणून विचारले, तेव्हा मी एका खाणावळीचे नाव घेतले आणि सगळ्या हसल्या. पण त्या खाणावळीनेच मला विचारात पाडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोलंबसच्या जुन्या जर्मन वस्तीत, 'जर्मन व्हिलेज'मध्ये, 'श्मिट्स' ही खाणावळ आहे. श्मिट घराण्याने १८८६ साली मांस टिकवून विकण्याचा धंदा काढला आणि १९६७ साली घोड्यांच्या एका जुन्या तबेल्यात उपाहारगृह थाटले. तिथला नामांकित पदार्थ म्हणजे 'बहामा मामा' (माझ्या मामांचा याच्याशी संबंध नाही!). गाय-डुकराच्या मांसाचा तिखट खिमा नळीत भरून त्याला धुरी दिलेली असते. सोबत आंबवलेला कोबी आणि व्हिनेगर घातलेले बटाट्याचे सॅलड. शेवटी क्रीम भरलेला, मुठीत न मावणारा पफ. त्यात शेंगदाण्याच्या लोण्याचाही एक प्रकार मिळतो.

मामेभाऊ म्हणाला, "हे काही अस्सल जर्मन नव्हे." मला हा आक्षेप पटत नाही. बहामा बेटे जर्मनीत नाहीत हे खरे. पण बटाटा तरी मूळचा जर्मनीचा कुठे? तो दक्षिण अमेरिकेतून युरोपात गेला आणि जर्मन माणसांबरोबर 'जर्मन सॅलड' होऊन पुन्हा अमेरिकेत आला. आपल्या उपासाच्या ताटाकडेच पाहा ना! बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळी मंडळी अमेरिका खंडातली. म्हणून आपली एकादशी खोटी ठरते काय? जे अन्न नव्या मातीशी जुळवून घेते तेच टिकते. त्यात कमीपणा नाही.

माझी खंत निराळी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि इथल्या जर्मनांवर संशयाची नजर वळली. आंबवलेल्या कोबीला 'स्वातंत्र्य-कोबी' म्हणू लागले. याच वस्तीतल्या शिलर या कवीच्या नावाच्या बागेला वॉशिंग्टनचे नाव दिले गेले. १९१९ साली ओहायोने आठवीच्या खाली जर्मन शिकवण्यास कायद्याने बंदी केली. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द ठरवले. बागेलाही पुढे शिलरचे नाव परत मिळाले. कोबी तर पुन्हा आपल्या जर्मन नावानेच ताटात आला. पण घरातून गेलेली भाषा तेवढ्या सहजी परतली नाही. शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगत होते की, त्यांची आजी घरात जर्मनच बोले. मी विचारले, "आणि आपण?" ते हसले आणि काट्याने सॉसेज दाखवून म्हणाले, "मी एवढीच जर्मन जाणतो."

मामांकडे त्या रात्री पुरणपोळी होती. मामीने पुरण जायफळ घालून सुरेख केले होते. धाकट्या मामेबहिणीने तीन पोळ्या खाल्ल्या आणि फोनवर आजीशी बोलायची वेळ आली तेव्हा फोन आईच्या हाती देऊन ती निघून गेली. तिला आजीचे बोलणे कळत नाही. तिच्यावर कोणी कायद्याची बंदी घातलेली नव्हती.

जिभेला दोन कामे असतात, चव घेणे आणि बोलणे. पहिले काम आपोआप पिढ्यान्‌पिढ्या चालते. दुसरे रोज करून घ्यावे लागते. खाद्यमहोत्सव भरवून संस्कृती टिकते असे मानणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आणि हे केवळ परदेशातल्यांना सांगण्याचे कारण नाही. आपल्या कट्ट्यावर मिसळ मागवताना आपण किती वाक्ये मराठीत पुरी करतो, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. मी मोजली, आणि लाज वाटली.

— तृतीय वर्ष, कला