अविश्वासालाही कारण लागते

नार्नूरच्या खामदेवाच्या जत्रेत दरवर्षी पौष महिन्यात तोडसाम कुळातील एक आत्या देवासमोर दोन-अडीच किलो तिळाचे तेल प्राशन करते. हा मान कुळाच्या लेकीचा आहे, आणि ती लेक कधी कधी सीमेपलीकडून, जिवतीच्या बाजूने आलेली असते. तिच्याजवळ कोणी दाखला मागत नाही. ती कोणाची मुलगी, कोणत्या घरची, हे जमलेल्या कुळाला ठाऊक असते, तेवढे पुरते.

याच मुलखातला एखादा गोंड तरुण महाराष्ट्रात जमातीचा दाखला घेऊन पडताळणी समितीपुढे उभा राहिला, की मात्र त्याला आपले कुळ नव्याने सिद्ध करावे लागते. दैवत कोणते, लग्न कसे लागते, मयत पुरतात की जाळतात, अशी प्रश्नावली त्याच्यापुढे येते. उत्तर पसंत पडले नाही, तर ‘दाव्यावर विश्वास ठेवता येत नाही’ या एका वाक्यात त्याच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा निकाल लागतो.

आमची वकिली बव्हंशी अशाच दाव्यांत गेली. हाच प्रश्न जगभर शरणार्थ्यांपुढे उभा आहे. परक्या देशाच्या दारी आलेला माणूस सांगतो, ‘मला माझ्या देवामुळे मारतील’. अधिकारी म्हणतो, ‘आम्हांस पटत नाही’. आमच्या अशिलाची नोकरी जाते, त्याचा जीव जातो. एरवी दोघांच्या कागदावर शेरा एकच. तो शेरा न्यायालयाने किती खोल जाऊन तपासावा, एवढाच आमचा येथील वाद आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक आहे. माणूस समितीने डोळ्यांनी पाहिला, न्यायमूर्तींनी पाहिला नाही. तेव्हा त्यांनी हात आखडता घ्यावा. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने असेच सांगितले, की उच्च न्यायालय हे येथे अपिलाचे पीठ नव्हे. दुसरे मत संभवते एवढ्यावरून समितीचा निष्कर्ष फिरवू नये. परंतु त्याच निकालात असेही आहे, की समितीने सर्व संबंधित पुरावा विचारात घेतला की नाही, हे न्यायालयाने पाहावयाचे आहे. पहिले वाक्य सरकारी वकिलांस तोंडपाठ असते. दुसरे आम्हांस दर खेपेस वाचून दाखवावे लागते.

आणि ‘डोळ्यांनी पाहिला’ म्हणजे तरी काय पाहिले? एका समितीपुढे आमच्या अशिलास कुळदैवत विचारले. त्याने ‘पेर्सा पेन’ असे सांगितले. लेखनिकाने ‘परशुराम’ लिहिले. पुढे आदेशात आले, की अर्जदाराचे दैवत जमातीच्या परंपरेशी जुळत नाही, सबब तो विश्वासार्ह नाही. प्रश्न मराठीत, उत्तर अर्धे गोंडीत, आदेश इंग्रजीत! या तीन भाषांच्या प्रवासात जे हरवले, ते अर्जदाराच्या खोटेपणात जमा झाले. आमच्यासारख्यांनाही न्यायासनापुढे प्रथम उभे राहताना घाम फुटला होता. पोडावरून आलेल्या मुलाची चाचरणारी जीभ मात्र कागदावर ‘टाळाटाळ’ होते.

कॅनडात हा प्रश्न आपल्याच माणसांनी ऐरणीवर आणला. भारतातून गेलेल्या काही शिखांचे शरणार्थी म्हणून केलेले दावे तेथे प्रत्यक्ष न ऐकता, जबानीचे कागद वाचून फेटाळले गेले होते. १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की माणूस खरा की खोटा हाच जेथे मुद्दा आहे, तेथे त्याला समोर बोलावून ऐकलेच पाहिजे. त्याआधी १९७९ साली माल्दोनादो या शरणार्थ्याच्या प्रकरणात तेथील संघीय अपील न्यायालयाने तत्त्व घालून दिले होते: शपथेवर सांगितलेली हकीकत खरी धरावी, तिच्यावर शंका घेण्यास कारण असेल तोवर गोष्ट वेगळी. म्हणजे संशयाचा भार संशय घेणाऱ्यावर. तो भार त्याने उचलला की नाही, हे पाहणे न्यायालयाचे काम.

आपल्याकडे शरणार्थ्यांसाठी असा कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. जमातीच्या दाव्यांत मात्र सर्वोच्च न्यायालय हळूहळू त्याच वाटेने आले. आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, स्थलांतराने आणि काळाने चालीरीती बदलतात, हे २०११ साली सांगितले गेले; २०२३ साली ठाकूर जमातीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्के केले. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना अधिक वजन द्यावे, हेही २०११ सालीच ठरले.

पण येथे आमच्या भागाची अडचण पाहा. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या, मग राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. आजोबांची नोंद निजामाच्या दप्तरात, उर्दूत. ते दप्तर आता दुसऱ्या राज्यात. नातवाने ते शोधावे, वाचवून घ्यावे, खरी नक्कल आणावी, आणि तारीख चुकली तर ‘पुरावा सादर केला नाही’ हे ऐकावे. या मुलखातल्या गोंडांच्या जमिनी पट्टा नसल्यामुळेच गेल्या, आणि त्यातूनच कोमरम भीमाचे बंड उठले. १९४० साली तो जोडेघाटला मारला गेला. कागद नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, एवढे तरी या जिल्ह्याने शिकावयास हवे होते.

वाचकहो, ही दूर डोंगरातली कथा म्हणून पान उलटू नका. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेश नदीपार प्रियोळास नेला गेला, पुढे केळशीची शांतादुर्गाही कवळ्यास आली. त्या रात्री निघालेल्यांजवळ कोणता दाखला होता? त्या तीरावर कोणी प्रश्नावली घेऊन बसला असता, तर भयाने कापणाऱ्या त्या भटजींची उत्तरे एकमेकांशी जुळली असती काय?

आता तर प्रश्नावली आपल्याच हाती आली आहे. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू आदी सहा समाजांसाठी केलेल्या २०२४ च्या नागरिकत्व नियमांत, अर्जदार त्या समाजाचा असल्याचा स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचा दाखला मागितला आहे. आमच्या जुन्या जिल्ह्यात, कागजनगरच्या बाजूस, पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली हिंदू पूर्वीच वसले आहेत. शरणार्थी हा शब्द येथे नवा नाही. उद्या असा कोणी देवस्थानाच्या कचेरीत आला, तर विश्वस्त त्यास काय विचारणार? गायत्री म्हणून दाखव? गोत्र सांग? सिंधच्या वाळवंटातील शेतमजुराला गोत्र सांगता आले नाही, तर तो हिंदू नव्हे काय?

आमची मागणी लहान आहे. समिती असो वा देवस्थान, नकार लेखी द्यावा. कोणत्या उत्तरावर, कोणत्या कागदावर आणि का विश्वास बसला नाही, हे त्यात लिहावे. उत्तर अर्जदाराच्या भाषेत जसेच्या तसे नोंदवावे. न्यायालयाने तो कागद हाती घेऊन कारण खरोखर कारण आहे का, एवढे पाहावे. आमच्या त्या अशिलाचे प्रकरण उच्च न्यायालयाने फेरचौकशीस परत पाठविले आहे. मधल्या काळात त्याच्या प्रवेशाची दोन वर्षे गेली.