पळणाऱ्या पोरींचा खुराक

‘ललिता बाबर काय आहारतज्ज्ञ सोबत घेऊन पळाली का?’ धावपटूची झोप, जेवण, मनःस्थिती यांविषयी बोलायला लागलं की भरतीच्या मैदानावर आणि तालुक्याच्या अकादमीत हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या मागोमाग येतं ते असं: अविनाश साबळे शाळेत पळत जायचा, त्यातूनच घडला. आहार, विश्रांती ही शहरातल्या हौशी लोकांची चैन. पोरांना लाडावून ठेवू नका, पळणारा पळूनच तयार होतो. हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. बरीचशी स्वतः पळालेली असतात, पहाटे चारला उठून फुकट शिकवतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट तपासायला हवं, कारण त्यांच्या शब्दावर हजारो पोरं पाय झिजवतात.

आधी ललिता आणि अविनाश यांचंच पाहू. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय महिला. माणचा दुष्काळ तिने पाहिला, हे खरं. पण रिओपर्यंत तिला दुष्काळाने नेलं नाही. रेल्वेची नोकरी होती, राष्ट्रीय शिबिर होतं, निकोलाय स्नेसारेव यांच्यासारखा कडक मार्गदर्शक होता. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायचा, पण स्टीपलचेस शिकला तो लष्करात गेल्यावर. तिथे पगार होता, मेसचं पोटभर जेवण होतं, दिवसाला शिस्त होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवण्याआधी तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करत होता. गरिबीने या दोघांना जिद्द दिली असेल. पण त्यांची जागतिक पातळीवरची कामगिरी झाली ती पोटाची आणि पगाराची चिंता मिटल्यावर, हे सांगायचं आपण सोडून देतो. आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारखीच पळालेली जी पोरं नडगी धरून घरी बसली, त्यांची गणती कोणी केली?

आता किलोमीटरचा मुद्दा, म्हणजे पळणारा पळूनच तयार होतो हा. तो मला पूर्ण मान्य आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावून घेत, ८०० मीटरवाल्या पीटर स्नेलकडूनसुद्धा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. पण लिडियार्डचं अर्धंच आपण उचललं. त्यांची दुसरी अट अशी होती की यातलं बहुतेक अंतर सोबत्याशी बोलत बोलत कापता येईल अशा बेताच्या वेगाने धावायचं. आपल्याकडे काय चालतं? पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, म्हणून रोज सकाळी तेवढंच अंतर, जीव खाऊन, घड्याळ लावून. शिवाय डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. रोजच परीक्षा घेतली तर अभ्यास कधी व्हायचा?

हाडाचं गणित समजून घेतलं तर यातला धोका कळतो. धावण्याचा ताण पडला की शरीर त्या जागचं जुनं हाड आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त भक्कम हाड बांधतं. या दोन्हींमध्ये काही आठवडे जातात आणि त्या काळात हाड उलट नाजूक असतं. स्नायू आणि दम त्यापेक्षा लवकर तयार होतात. म्हणजे पोराला वाटतं आपण आता सुसाट झालो, आणि नेमकी तेव्हाच नडगी कच्ची असते. ती दुखायला लागली की मुलं त्याला ‘शिन पेन’ म्हणतात, बाम चोळतात, पट्टी गुंडाळतात आणि पळतात. त्यातूनच हाडाला बारीक चीर जाते. ही चीर घामाने भरत नाही. ती झोपेत, जेवणातून आणि सुट्टीच्या दिवशी भरते. सुट्टी घेणारा आळशी, असं मैदानावर ओरडून सांगणारा माणूस हाड बांधायचं कामच बंद पाडत असतो.

मुलींच्या बाबतीत तर आपण फार मोठा अन्याय करतो आहोत. भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीची वही मी पाहिली. तारीख, अंतर, वेळ, सरांची सही, असे सुबक रकाने. झोपेचा रकाना नाही, जेवणाचा नाही, पाळीचा तर नाहीच. पहाटे पळायच्या आधी चहा आणि खारी, पळून आल्यावर पुन्हा चहा, अकराला डबा. पाळी चार महिने आली नव्हती, आणि मैत्रिणींनी तिला समजावलं होतं की बॉडी फिट झाली की असं होतं. हा समज मला अनेक मैदानांवर भेटला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेएवढं अन्न मिळालं नाही की शरीर एकेक काम आवरतं घेतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि त्यासोबत हाडांची घनता उतरते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे स्पष्ट केलं. २०१९ मध्ये मेरी केन या अमेरिकन धावपटूने जाहीरपणे सांगितलं की वजन उतरवण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद राहिली आणि पाच हाडं मोडली. तिच्याभोवती जगातल्या उत्तम सोयी होत्या. मग आपल्या मुलींचं काय होत असेल?

त्यातच रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी यंत्रणाच तोकडी. अशा मुलीला ८०० मीटरमध्ये दम लागला की तिला ‘मनाने कमकुवत’ म्हणतात आणि आणखी दोन फेऱ्या लावतात. तिला फेऱ्या नकोत, रक्ततपासणी हवी. उसळीवर लिंबू पिळायला आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगणारं कोणी हवं. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, लिंबू ते शोषायला मदत करतं. याला कुठली चैन लागते?

मेहनतीइतकीच आहार, झोप आणि मन यांचीही काळजी घेणारी समग्र तयारी ही परदेशी कल्पना आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या तालमीत जाऊन बसावं. तिथे मेहनत, खुराक, मालिश आणि झोप यांत कोणी वरचं-खालचं मानत नाही. जोर-बैठका मारून आलेल्या पठ्ठ्याला दूध, तूप, बदाम मिळाले की नाही, हे वस्ताद स्वतः बघतात. दुपारी झोपलेल्या मल्लाला कोणी आळशी म्हणत नाही. खुराकाविना मेहनत केली तर शरीर मोडतं, हे आपल्या मातीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग तीच समज पळणाऱ्या पोरीच्या वाट्याला का येत नाही? मल्लाचा खुराक हा गावाचा मान आणि मुलीचं अंडं हा घरचा जादा खर्च, हा भेद आपणच केलेला आहे. तो मोडला पाहिजे.

मनाचंही तसंच. भरतीच्या मुलांच्या डोक्यावर वयाची मर्यादा असते, मुलींच्या डोक्यावर त्याशिवाय लग्नाची मुदत. रात्रभर काळजीने जागलेलं शरीर सकाळी सावरत नाही, आणि ‘मन घट्ट कर’ एवढं म्हटल्याने झोप लागत नाही.

दुसरीकडे शहरात समग्रतेच्या नावाखाली महागडी घड्याळं आणि पावडरीचे डबे खपतात. त्यांची बाजू मी घेत नाही. मला हवं ते बरंच स्वस्त आहे.

प्रत्येक अकादमीने प्रवेशाच्या वेळी आणि पुढे दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं, सरकारी रुग्णालयाच्या मदतीने. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि ती मोडणाऱ्या मुलाची पाठ थोपटू नये. कडक वेगाचे दिवस आठवड्यात दोनच, बाकी गप्पा मारत, शक्य तिथे मातीवर. पळून आल्यावर अर्ध्या तासात उकडलेली अंडी, फुटाणे-शेंगदाणे, केळं, जे परवडेल ते हातात पडावं. पायाच्या आणि कमरेच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, त्याला जिमची गरज नाही. मुली असलेल्या प्रत्येक अकादमीत एक तरी बाई मार्गदर्शक असावी, जिला पाळीबद्दल संकोच न करता सांगता येईल, आणि सलग तीन महिने पाळी चुकली तर सराव कमी करून मुलीला डॉक्टरकडे नेण्याचा अधिकार त्या बाईला असावा, सरांची परवानगी न विचारता.